पैसे मोजून घेतलेल्या गेममध्ये जाहिराती, आणि वर पाळतसुद्धा?

खिडकीजवळचा:

दिवाळीत चिरंजीवांसाठी (इयत्ता आठवी) कन्सोलवरचा एक फुटबॉलचा गेम घेतला. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच तंटा नको. किंमत ४,९९९ रुपये. एवढ्यात घरातल्या चौघांचे कपडे झाले असते हे सौ.नी तेव्हाच ऐकवलं, ते असो.

रात्रभर डाउनलोड. सकाळी पोरगं पारोसंच टीव्हीसमोर. सुरू करायला गेलो तर आधी करारनामा. एरवी मी डोळे मिटून 'मान्य' दाबतो, पण त्या दिवशी हातात चहा होता, सुट्टी होती, म्हणून वाचायला घेतला. चहा संपला, करार संपेना. मधेच कुठेतरी असं लिहिलेलं की गेममधल्या जाहिराती खेळणाऱ्याने किती वेळ पाहिल्या वगैरे माहिती कंपनी आणि तिचे 'भागीदार' गोळा करू शकतात. भागीदार कोण, ते नाही. खाली दोन बटणं. 'अमान्य' दाबून पाहिलं. गेम बंद.

परवा तो खेळत होता आणि मी मागे सोफ्यावर. मैदानाच्या कडेच्या पाट्यांवर बुटांची जाहिरात. आठवड्यापूर्वी तिथे दुसरंच काहीतरी होतं, मला पक्कं आठवतंय. पोरगं म्हणालं, "बाबा, ते बदलत असतं." त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

फुकटातल्या गेमने जाहिरात दाखवली तर माझी ना नाही. पण पाच हजार मोजल्यावर? आणि मला जास्त खुपलं ते हे की पैसे आधी कापून घेतले, अटी नंतर दाखवल्या. 'अमान्य' म्हणून कोणाला पैसे परत मिळालेत का? आणि इथे कोणी असा करार शेवटपर्यंत वाचलाय का? खरं सांगा.

---

डावखुरी_फिरकी:

वानखेडेचं तिकीट काढून जाता तेव्हा सीमारेषेवर जाहिराती नसतात का? पेपर विकत घेता, पहिलं अख्खं पान जाहिरातीचं. केबलचे पैसे भरता, षटक संपलं की जाहिरात. तिथे कोणी धागा काढत नाही. उलट फुटबॉलच्या गेममध्ये कडेला कोऱ्या पाट्या ठेवल्या तर मैदान गावजत्रेतलं वाटेल. बुटांच्या जाहिरातीने एवढं काय बिघडलं?

---

चहाटळ:

करार शेवटपर्यंत वाचला आहे. शेवटी खुनी बटलर निघतो.

---

रात्रपाळी:

@डावखुरी_फिरकी, वानखेडेवरची पाटी तुमच्याकडे बघत नाही हो. फरक तेवढाच, पण तो फार मोठा आहे.

हे भांडण नवं नाही. २००६च्या ऑक्टोबरात 'बॅटलफील्ड २१४२' आला. ईए या गेम कंपनीचा, तिच्या डाइस स्टुडिओने बनवलेला, रोख पैसे मोजून घ्यायचा गेम. खोकं उघडलं की आत सीडीबरोबर एक चिठ्ठी निघायची. मजकूर साधारण असा: या गेममध्ये आयजीए वर्ल्डवाइड नावाच्या कंपनीचं जाहिरातीचं तंत्र आहे, तुम्ही इंटरनेटला जोडलेले असताना तुमचा आयपी पत्ता (म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) वगैरे माहिती नोंदली जाऊ शकते. आणि हे नको असेल तर? तर इंटरनेटला जोडलेल्या मशीनवर गेम टाकू नका. ऑनलाइन लढाईसाठीच घ्यायच्या गेमबद्दल हा सल्ला!

तेव्हाच्या गेमिंग फोरमांवर नुसता धुरळा उडाला होता. मी रात्र रात्र वाचायचो. कोणी 'स्पायवेअर' म्हणे, कोणी चिठ्ठीचे फोटो टाके. ईएने खुलासा केला की गेमशी संबंध नसलेल्या फायलींना आम्ही हात लावत नाही, कुकीज (संकेतस्थळं ब्राउझरमध्ये ठेवतात त्या खुणेच्या फायली), ब्राउझिंगचा इतिहास, लॉगिन असलं काही घेत नाही. ते खरंही असेल. पण लोकांचा राग चिठ्ठीत काय लिहिलंय यापेक्षा ती खोक्याच्या आत असण्यावर होता. सील फोडल्याशिवाय वाचता येत नाही, आणि सील फोडलेलं खोकं दुकानदार परत घेत नाही. खिडकीजवळचे, तुमचं दुखणं वीस वर्षांचं आहे.

---

अर्धा_कप:

२१४२ साल, हिमयुग आलंय, जमिनीच्या तुकड्यासाठी महायुद्ध पेटलंय आणि होर्डिंगचा भाडेकरार मात्र चालूच.

---

सिग्नलवरचा_मोजणीदार:

बरेच दिवस रोमात (म्हणजे नुसतं वाचत) होतो, या धाग्याने बाहेर काढलं. आयडी का असा ते खाली कळेल.

मी जाहिरात क्षेत्रात सव्वीस वर्षं काढली, बहुतेक होर्डिंगच्या धंद्यात. आमचं मूळ दुखणं एकच: होर्डिंग कोणी पाहिलं हे गिऱ्हाइकाला दाखवायचं कसं? सुरुवातीला मी कॉलेजची पोरं शीवच्या सिग्नलला उभी करायचो. हातात क्लिकर, बसचे कंडक्टर दाबतात त्यापेक्षा जरा मोठा. गाडी गेली की टक्. दुपारी दोननंतर पोरं वडापाव खायला जायची आणि परत आल्यावर अंदाजपंचे टक् टक् टक्. तो कागद सुबक टाइप करून आम्ही क्लायंटला द्यायचो. मी स्वतः दोन वर्षं ते काम केलं.

आता गेममधली पाटी घ्या. गेमचं मैदान आहे संगणकाच्या हातात. कॅमेरा कुठे आहे, पाटी पडद्यावर किती मोठी दिसते, किती तिरकी दिसते, समोर भिंत आली का, किती सेकंद दिसली, हे सगळं त्याला आधीच माहीत असतं, कारण चित्र तोच काढतोय. पोरं उभी करायला नकोत, वडापाव नको. आमच्या धंद्याचं हे शंभर वर्षांचं स्वप्न होतं. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये मॅसिव्ह नावाची कंपनी याच कामासाठी विकत घेतली. (२०१० मध्ये बंदही केली. स्वप्नांचं असंच असतं.)

सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००८चं. अमेरिकेच्या निवडणुकीत ओबामांच्या प्रचारकांनी मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलवरच्या १८ गेममध्ये जाहिराती लावल्या. 'बर्नआउट पॅराडाइज'मध्ये भरधाव गाडी हाणताय आणि रस्त्याकडेच्या होर्डिंगवर ओबामा: मुदतपूर्व मतदान सुरू झालंय. पण ती फक्त दहा राज्यांत दिसत होती, ओहायो, फ्लोरिडा वगैरे, जिथे काट्याची टक्कर होती तिथे. रस्ता तोच, वळण तेच, होर्डिंग तेच. शेजारच्या राज्यातल्या पोराला तिथे दुसरंच काही दिसणार.

कसं? तुमची गाडी कुठल्या घरातून चालतेय हे कळल्याशिवाय हे होत नाही. डावखुरी_फिरकी यांच्या वानखेडेच्या उदाहरणाला उत्तर इथे आहे. स्टेडियमात ३० हजार माणसांना एकच पाटी दिसते. इथे प्रत्येकाची पाटी वेगळी असू शकते, आणि तुमच्यासाठी कुठली लावायची हे ठरवायला तुमच्याबद्दल काहीतरी ठाऊक असावं लागतं.

---

डावखुरी_फिरकी:

काका, मुद्दा मान्य. पण राज्य कळलं म्हणजे काय फार कळलं असं नाही. तेवढं तर माझ्या गाडीच्या नंबर प्लेटवरूनही कळतं.

---

फुकटफौजदार:

नसेल पटत तर खेळू नका. पत्ते घ्या, झब्बू खेळा. इस्पिकच्या राणीला तुमचा आयपी पत्ता नको असतो.

---

दोन_लेकरांची_आई:

@फुकटफौजदार, हे फार सोपं उत्तर झालं. वर्गातली सगळी पोरं तोच गेम खेळतात. माझ्या मुलाला डब्याच्या सुट्टीत बोलायला दुसरा विषयच नाही. 'खेळू नकोस' म्हणजे 'एकटा बस' असा त्याचा अर्थ होतो. आठवी-नववीतलं पोर घरात असलं की कळतं.

---

कोडकाका:

मी पुण्यात मोबाइल गेमच्या कंपनीत आहे, मागच्या बाजूला, म्हणजे खेळणाऱ्यांकडून येणारी माहिती साठवण्याच्या कामात. थोडी आतली बाजू सांगतो. कंपनीचं नाव विचारू नये.

गेमकडून आमच्याकडे काय येतं? बहुतेक कंटाळवाणं: पातळी सुरू झाली, संपली, मेला, कुठे मेला, फोन कुठला, मेमरी किती, देश कुठला, गेम कोसळला का. गेल्या वर्षी एका गेमच्या सातव्या पातळीवर अचानक निम्मे लोक गेम सोडून जायला लागले. मरण्याच्या जागा नकाशावर टाकून पाहिल्या तर एका खड्ड्याशी लाल ठिपक्यांचा ढीग. स्वस्तातल्या फोनवर खड्ड्याची कड दिसतच नव्हती, सावलीचं गणित चुकलं होतं. आम्ही भारी फोनवर चाचणी करायचो, आम्हाला दिसत होती. माहिती आली नसती तर कधीच कळलं नसतं. म्हणून 'गेम माहिती पाठवतो' म्हटलं की लगेच चोर चोर ओरडू नका.

पण. गेममध्ये आमचाच कोड असतो असं नाही. जाहिरातवाल्यांचा एक तयार तुकडा येतो, एसडीके म्हणतात त्याला. धंदा बघणारे लोक सांगतात, हा टाका. आम्ही टाकतो. तो काय काय पाठवतो? कागदावर लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तपासायला कोणाला वेळ असतो? रिलीज शुक्रवारी असतं.

पैसे देऊन घ्यायच्या गेममध्येही हे झालंय. २०१८ मध्ये रेड शेल नावाचा तुकडा गाजला. कुठली जाहिरात बघून तुम्ही गेम विकत घेतलात, हे जुळवून बघण्यासाठी तो होता. 'सिव्हिलायझेशन ६', 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' असे नावाजलेले गेम त्यात सापडले. रेडिटवर खेळाडूंनीच शोधून यादी केली, मग एकेका कंपनीने तो काढून टाकला. काढायला सांगितलं कोणी? खेळाडूंनी. सांगितलं नसतं तर आजही असता.

---

रात्रपाळी:

+१ कोडकाका. अजून एक ताजं. एप्रिल २०२५ मध्ये व्हिएन्नातल्या नॉयब या गोपनीयतेसाठी लढणाऱ्या संस्थेने युबिसॉफ्ट या गेम कंपनीविरुद्ध ऑस्ट्रियात तक्रार नोंदवली. गेम होता 'फार क्राय प्रायमल'. एकट्याने खेळायचा, अश्मयुगातला, ऑनलाइन काही नाही. तरी सुरू करायला इंटरनेट लागतं. एका खेळाडूने तपासलं तर दहा मिनिटांत गेमने बाहेरच्या सर्व्हरांशी १५० वेळा संपर्क साधला होता, त्यात गूगल आणि ॲमेझॉनही. अश्मयुगातला माणूस, अंगावर कातडं, हातात गदा, आणि दर चार सेकंदांनी अमेरिकेला निरोप.

संस्थेच्या नावाचा अर्थही मजेशीर आहे. इंग्रजीतल्या 'नन ऑफ युअर बिझनेस', म्हणजे 'तुम्हाला काय करायचंय?', याची ती आद्याक्षरं आहेत.

---

चहाटळ:

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना हे नाव द्यायला हवं. अर्थ मात्र उलटा करून.

---

मामाचा_गाव:

थोडं अवांतर. ईएचा 'क्रिकेट ०७' आठवतोय का कोणाला? आमच्या गावातल्या कॅफेत दहा रुपये तास. तेव्हा पॅच म्हणून फायली मिळायच्या, त्या टाकल्या की नवे खेळाडू, नवे कपडे, नव्या पाट्या. कॅफेवाल्या दादाच्या पेन ड्राइव्हमध्ये सगळा संसार.

आम्ही एकदा पेंटमध्ये बसून पाटीचं चित्र बदललं. लॉर्ड्सच्या सीमारेषेवर, हिरव्यागार गवतापाशी, माझ्या मामाच्या पिठाच्या गिरणीचं नाव, खाली 'मिरची कांडून मिळेल'. अक्षरं जरा फाटली होती. मामाला दाखवायला आणलं. मामा खुर्चीच्या टोकावर बसून तीन षटकं बघत होता, खेळ नाही, पाटी. चेंडू त्या बाजूला गेला की ताठ व्हायचा. मग म्हणाला, "गोऱ्यांना मराठी वाचता येत नाही ना, पण."

गेममधली माझी आवडती जाहिरात तीच.

---

दोन_लेकरांची_आई:

@मामाचा_गाव, काय गोड! मामांना नमस्कार सांगा.

---

जुनी_सनद:

मला जाहिरातीपेक्षा तिची वेळ खुपते. २०२० साली ईएचा मारामारीचा गेम 'यूएफसी ४' ऑगस्टमध्ये आला. समीक्षा छापून आल्या, लोकांनी विकत घेतला, आणि सप्टेंबरात लढतीच्या रिप्लेमध्ये ॲमेझॉनच्या एका मालिकेच्या जाहिराती सुरू झाल्या. बोंबाबोंब झाल्यावर ईएने काढल्या. त्याच वर्षी बास्केटबॉलच्या 'एनबीए २के२१'चं तेच: सप्टेंबरात गेम, ऑक्टोबरात सामना लोड होताना सोडून पुढे न जाता येणारी जाहिरात. कंपनी म्हणाली, आम्हाला असं अभिप्रेत नव्हतं.

हे म्हणजे कांदेपोहे झाले, साखरपुडा झाला, लग्न लागलं आणि मग कळलं की नवऱ्याला पहाटे चारला तबला वाजवायची सवय आहे.

पुढची गंमत अशी की हल्ली 'चूक' होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' खेळताना नकाशा उघडला की मधेच त्याच मालिकेतल्या नव्या गेमच्या सवलतीची जाहिरात. युबिसॉफ्ट म्हणाली तांत्रिक चूक. जून २०२५ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी'त शस्त्रं निवडायच्या पानावर विकाऊ वस्तूंची जाहिरात. ॲक्टिव्हिजन म्हणाली, चाचणी होती, चुकून बाहेर पडली. आणि मधल्या काळात, मे २०२४ मध्ये, ईएचे प्रमुख अँड्र्यू विल्सन गुंतवणूकदारांना सांगत होते की गेममध्ये जाहिराती विचारपूर्वक कशा आणता येतील हे आमचे लोक बघतायत.

---

अर्धा_कप:

आमच्या दूधवाल्याकडेही रोज तांत्रिक चूक होते. पाणी चुकून बाहेर पडतं.

---

सिग्नलवरचा_मोजणीदार:

जुनी_सनद, मानलं. फक्त एक भर. संगणकावरच्या गेमचं ऑनलाइन दुकान, स्टीम, चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०२५ मध्ये नियम स्पष्ट करून टाकला की जाहिरात बघायला लावून पैसे कमावणारे किंवा जाहिरात बघितल्यावर बक्षीस देणारे गेम आमच्याकडे चालणार नाहीत. शर्यतीच्या गाडीवर खऱ्या कंपनीचा लोगो असेल तर हरकत नाही. म्हणजे दृश्यात शोभणारी पाटी चालेल, वाट अडवणारी नाही. सरसकट सगळ्या जाहिरातवाल्यांना एका फटक्यात हाणू नका, आम्हालाही पोटं आहेत.

---

टेम्सकाठची:

लंडनहून लिहितेय, वाचत सगळं होते. इथे आपल्याबद्दल कंपनीकडे काय माहिती आहे ते मागता येतं. फुकट मागता येतं आणि साधारण महिन्याभरात द्यावं लागतं. दोन वर्षांपूर्वी मी एका ऑनलाइन गेमकडे सहज गंमत म्हणून मागितलं. मी तो सहा-सात वर्षं खेळतेय, पैसे भरून. झिप फाइल आली. आत तक्ते. किती वाजता आले, किती वाजता गेले, सेकंदासकट. कोणाशी बोलले, काय विकत घेतलं, दुकानाच्या पानावर किती वेळ घुटमळले.

मी हसत हसत खाली सरकवत होते. एका रात्रीपाशी थांबले. रात्री १:१२ ते पहाटे ५:४७. मी एरवी अकराला झोपणारी बाई. तारीख बघितली. नाशिकला बाबांचं ऑपरेशन होतं ती रात्र. भाऊ फोन करणार होता. मी हातात काहीतरी असावं म्हणून तो गेम लावून बसले होते, मासे पकडायचं काम करत होते त्यात, साडेचार तास. ५:४७ला फोन आला.

कंपनीच्या लेखी ती एक ओळ आहे. त्यांना त्यातलं काही माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नसेल. पण माझ्या आयुष्यातली ती रात्र सेकंदासकट कोणाच्या तरी कपाटात आहे आणि मला स्वतःला मात्र वेळ आठवत नव्हती. मला राग आला की नाही ते अजून कळलेलं नाही.

---

कोडकाका:

ताई, मी असल्या लाखो ओळी रोज बघतो. आता जरा वेगळं वाटेल.

---

दोन_लेकरांची_आई:

बाबा बरे आहेत ना?

---

टेम्सकाठची:

हो हो, ठणठणीत. काल व्हिडिओ कॉलवर मला पालेभाजी निवडायला शिकवत होते.

---

काळा_कोट_दुपारचा:

कायद्याची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. (वकील आहे, पण हा सल्ला नव्हे, फी लावणार नाही.)

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यांनी १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. म्हणजे कंपन्या अजून तयारीच्या काळात आहेत. खिडकीजवळचे यांच्या दृष्टीने दोन गोष्टी कामाच्या.

संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी, समजून दिलेली हवी, आणि त्या कारणाला लागते तेवढ्याच माहितीपुरती. फुटबॉल खेळायला जाहिरातवाल्या भागीदाराला माहिती द्यावी लागते का, हा प्रश्न तिथे विचारता येतो. आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या बाबतीत आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती हवी, मुलांवर पाळत ठेवून त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई आहे. मुलांबाबतची जबाबदारी मोडली तर दंड २०० कोटींपर्यंत. अमेरिकेत एपिक गेम्सला, म्हणजे 'फोर्टनाइट'वाल्यांना, डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलर भरायला कबूल व्हावं लागलं. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या माहितीच्या कायद्यापायी होते.

आणखी एक, जे या संस्थळावर आवडेल. सूचना आणि संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. म्हणजे मराठीतही.

---

चहाटळ:

'वापरकर्ता याद्वारे त्याच्या उपकरणावरील बिस्किटांस अनुमती प्रदान करीत आहे.' आत्ताच घाम फुटला. इंग्रजीतच राहू द्या, निदान कळलं नाही याचं वाईट वाटत नाही.

---

रात्रपाळी:

वकीलसाहेब, पडताळता येईल अशी संमती म्हणजे प्रत्यक्षात काय? पोरगं १५ वर्षांचं आहे हे गेमला कळणार कसं? जन्मतारीख तोच टाकणार. माझ्या पुतण्याच्या मते तो १९९० साली जन्मला.

---

काळा_कोट_दुपारचा:

तिथेच गोम आहे. मुलाचं वय पडताळायचं तर आधी सगळ्यांचंच पडताळावं लागतं, म्हणजे अजून माहिती द्यायची. गोपनीयता सांभाळायला ओळखपत्र दाखवा. नियमांत सरकारी ओळखीशी जोडलेल्या टोकनची सोय केली आहे, पण जमिनीवर कसं उतरतं ते बघायचं.

---

फुकटफौजदार:

झब्बू.

---

खिडकीजवळचा:

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. मधे ऑफिसात मार्चएंडची धावपळ होती. आता काय काय घडलं ते लिहितो.

पैसे परत: विचारलं. दोन दिवसांनी उत्तर आलं की गेम डाउनलोड झालेला असल्याने परतावा मिळत नाही. मी लिहिलं की डाउनलोड केल्याशिवाय करार दिसतच नाही. त्यावर पहिलंच उत्तर पुन्हा आलं, स्वल्पविरामासकट. रात्रपाळी, तुमची चिठ्ठी आठवली.

मग रविवारी पोराला घेऊन बसलो आणि सेटिंग उघडली. जाहिरातीचं बटण कुठे होतं माहितीये? मुख्य पान, त्यात खातं, त्यात गोपनीयता, त्यात 'आणखी पर्याय', आणि तिथे अगदी तळाशी 'आवडीनुसार जाहिराती'. चालू होतं. बंद केलं. खाली बारीक अक्षरात: यामुळे जाहिरातींची संख्या कमी होणार नाही. पोरगं म्हणालं, "मग काय उपयोग?" मी म्हटलं, तत्त्वाचा प्रश्न आहे. त्याने माझ्याकडे जसं बघितलं ते सौ.चं बघणं होतं.

आणि तिथेच खात्याच्या पानावर जन्मतारीख दिसली. १ जून १९५१.

मी विचारलं हे काय. तो म्हणे, लहान असलं की गप्पा बंद करतात, म्हणून त्याने घरातल्या एका मोठ्या माणसाची तारीख टाकली. आजोबांची त्याला पाठ आहे, कारण त्यांच्या बँकेच्या कामांना ओटीपी वगैरे तोच बघून देतो. थोडक्यात, दिवाळीपासून माझे वडील रोज रात्री ऑनलाइन फुटबॉल खेळतायत.

---

मामाचा_गाव:

१ जून म्हणजे तीसुद्धा खरी नाही! शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठोकून दिलेली असणार. आमच्या घरात आजोबा, दोन काका, आत्या, सगळे १ जूनचे.

---

जुनी_सनद:

म्हणजे गुरुजींनी ठोकलेली तारीख नातवाने गेमला ठोकली. घ्या म्हणावं पडताळून.

---

कोडकाका:

आमच्याकडच्या माहितीत १ जानेवारीला जन्मलेल्यांचा डोंगर असतो, कारण यादीत ती पहिली येते. भारतातल्या खात्यांत १ जूनलाही एक टेकडी दिसते. मला इतकी वर्षं वाटायचं की आमच्याच कोडमध्ये काहीतरी घोळ आहे.

---

दोन_लेकरांची_आई:

आजोबांना सांगितलंत का?

---

खिडकीजवळचा:

सांगितलं. पेपर खाली ठेवून विचारलं, "जिंकतो का मी?"

---

सिग्नलवरचा_मोजणीदार:

साहेब, एक धंद्यातलं कुतूहल. ते बटण दिवाळीपासून चालू होतं, म्हणजे चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या आवडीनुसार पाट्या लागत होत्या. त्यांना काय दाखवत होते?

---

खिडकीजवळचा:

फुटबॉलचे बूट.